एफ.वाय.ला राज्यशास्त्र सुरू कुठून करायचं?

तासिका तत्त्वावर नव्याने लागलेले सहकारी हा प्रश्न हमखास विचारतात. माझं म्हणणं एवढंच, की व्याख्येपासून नको. फळ्यावर ‘राज्याचे चार घटक’ लिहिले की पोरं मुकाट्याने उतरवून घेतात आणि विषय तिथेच संपतो.

पहिल्या तासाला ग्रामसभेची नोटीस आणि एखाद्या ठरावाची प्रत न्या. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या पोरांना सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फोटो येतो. मग दोनच प्रश्न विचारा: ठरावावर सही कोणाची? आणि गावात शब्द कोणाचा चालतो? महाराष्ट्रात सरपंचपदाच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे ‘सरपंचपती’ कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. हशा पिकतो, पिकू द्या. (गावाचं, माणसाचं नाव मात्र घेऊ देऊ नका, सरपंचबाईंची मुलगी वर्गात बसलेली असू शकते.) मग सांगा, सही म्हणजे अधिसत्ता आणि चालणारा शब्द म्हणजे सत्ता. लगेच पुढचा प्रश्न टाका: बाईंनी एक दिवस सही करायला नकार दिला तर? इथे घाई करू नका. अख्खा तास गेला तरी चालेल, वर्षभराचं भांडवल मिळतं.

अधिमान्यतेसाठी, म्हणजे लोक सत्तेला योग्य मानून स्वीकारतात का यासाठी, गणपूर्ती घ्या. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे मूठभर लोकांनी केलेला ठरावही कायदेशीरच. पण गाव तो मानेल का? वर्गात दोन तट पडतात.

सार्वभौमत्व, म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा, हे पोरांना फार हवेतलं वाटतं. त्यांना विचारा, सरपंच कसा निवडायचा हे कोण ठरवतं? २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड आली, २०२० मध्ये ती सदस्यांकडे गेली, २०२२ मध्ये परत जनतेकडे आली. गाव तेच, नियम बदलले मुंबईत. आणि मुंबईला तरी ग्रामपंचायतीच रद्द करता येतील का? तिथे पंचायतींना संविधानात स्थान देणारी १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती आडवी येते. असं एकेक पायरी चढत संविधानापर्यंत न्या.

मध्येच पक्षांवरून भांडण जुंपणार. दाबू नका. ज्याला जो पक्ष आवडत नाही, त्या पक्षाची बाजू पाच मिनिटं त्यालाच मांडायला लावा. आपलं मत मात्र खिशात ठेवा, पोरं ते हुडकायला टपलेली असतात.

शहरातल्या कॉलेजात असाल, तर हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा घ्या. चेअरमन आणि सेक्रेटरीवर तेच दोन प्रश्न चालतात.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची पारंपरिक, करिश्माई आणि कायदेशीर अशी अधिसत्तेची विभागणी यानंतर काढा. व्याख्या शेवटी लिहून द्याच, पेपरात त्यांना मार्क आहेत. पण आधी पोरांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या आणि मग पुस्तकातली शेजारी ठेवा.