उंबऱ्याचा आकडा : पूर, घाट आणि बर्फ यांसाठी तयारीची यादी

सांगलीत नदीकाठी राहणाऱ्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत आधी बॅग भरायची नसते, एक आकडा शोधायचा असतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट झाली की आपल्या उंबऱ्याला पाणी लागते, हा तो आकडा. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. मात्र हे दोन्ही आकडे साऱ्या शहरासाठी आहेत, आपल्या घरासाठी नव्हेत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या सखल भागांत इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरते, तर २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी दारात पाणी पाहिले नव्हते अशांच्याही स्वयंपाकघरात ते शिरले. म्हणून गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारावे, २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत भिंतीवर उमटलेली रेघ शोधावी आणि त्यावरून काढलेला आकडा स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूस ठळक लिहून ठेवावा. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहावा लागतो आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे: गल्लीच्या तोंडाशी पाणी केव्हा येते. घर उंचावर असले तरी बाहेर पडण्याचा रस्ता बहुधा आधी बुडतो, त्यामुळे घर सोडण्याची वेळ उंबऱ्यावरून न ठरवता रस्त्यावरून ठरवायची असते. आमच्या घरी रस्त्याच्या आकड्याच्या दहा फूट आधी सामान उचलायला सुरुवात करायची आणि पाच फूट आधी म्हातारी माणसे व मुले हलवायची, असे ठरलेले आहे.

आकडा ठरला की तो कोठून वाढतो हे समजून घ्यावे, कारण सांगलीचा पूर सांगलीच्या आभाळात दिसत नाही. महाबळेश्वरला उगम पावलेल्या कृष्णेला कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना मिळते, पुढे हरिपूरजवळ वारणा येते, आणि धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांचे पाणीही याच पात्रातून खाली उतरते. एकट्या कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यामुळे बातमीत दरवाजे किती फूट उघडले हे ऐकून थांबू नये. किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) विसर्ग सुरू आहे, धरण किती टक्के भरले आहे आणि कोयनानगर, महाबळेश्वर, नवजा या पाणलोटात पाऊस थांबला आहे की नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला लगेच पोहोचत नाही, सामान उचलायला मधला वेळ मिळतो. मात्र धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटात पडलेला पाऊस कोणत्याही दरवाजाची वाट पाहत नाही, हे त्या हिशेबात धरलेच पाहिजे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीवरचा वाद दर पावसाळ्यात रंगतो आणि रंगत राहील, पण ज्याला पलंग माळ्यावर चढवायचा आहे त्याला त्या वादाचा त्या रात्री काही उपयोग नसतो. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही महापूर पुष्य आणि आश्लेषा नक्षत्रांच्या काळात आले, म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबचे कार्यक्रम ठरवू नयेत आणि घरात एक तरी धडधाकट माणूस राहील, असे पाहावे.

उचलायच्या सामानाचा क्रमही आधीच ठरलेला असावा, कारण ऐन वेळी माणूस हाताला येईल ते उचलतो. २०१९ मध्ये आम्ही दोन तास घालवून टीव्ही आणि गाद्या वर नेल्या, आणि दळणाचे गहू, मुलीची शाळेची प्रमाणपत्रे व इन्व्हर्टरची बॅटरी खाली राहिली. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून आता क्रम लिहून ठेवला आहे. पहिला मान कागदपत्रांचा: सातबारा आणि आठ-अचे उतारे, घराचे खरेदीपत्र, शिधापत्रिका, आधार, बँकेची पुस्तके, विम्याचे कागद, दाखले आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड चिकटपट्टीने बंद करून, रोजच्या पिशवीशेजारीच टांगाव्यात, आणि प्रत्येक कागदाचा फोटो परगावच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून द्यावा. त्याच दिवशी घराचा, दुकानाचा आणि गोठ्याचा कोपरान् कोपरा चित्रित करावा, कारण पुढे पंचनाम्याच्या वेळी कपाटात काय होते हे सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे जाते. औषधे किमान पंधरा दिवसांची असावीत. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या पूरकाळात मिळत नाहीत असे नाही, पण त्या मिळवण्यासाठी मैलभर पाण्यातून जावे लागते.

खाण्याच्या बाबतीत सांगलीकराला फार शिकवावे लागत नाही. भडंग, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू आणि दशम्या चूल न पेटवता चार दिवस काढू शकतात. पिण्याच्या पाण्याकडे मात्र सगळ्यांचे दुर्लक्ष होते. महापुरात नदीकाठची पाणी उपसा केंद्रेच बुडतात आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडा पडतो. पातळी वाढू लागताच माणशी रोज चार लिटर धरून पाच दिवसांचे पिण्याचे पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून वरच्या मजल्यावर न्यावे आणि सोबत क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची बाटली ठेवावी. विजेरी, पॉवर बँक, शिट्टी, पंधरा-वीस मीटर दोर आणि काडेपेटी एकाच डब्यात असावी. अंधारात डबा एकदाच शोधावा लागतो.

घर सोडण्याआधीची कामे थोडी आहेत, पण त्यांत हयगय चालत नाही. मुख्य स्विच पाणी घरात येण्यापूर्वी बंद करावा. पाणी आल्यावर ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून तो बंद करायला जाऊ नये, महावितरणला कळवून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावावी आणि तो खिडकीच्या गजाला दोराने बांधावा, कारण रिकामा किंवा अर्धा सिलिंडर पाण्यावर तरंगत घरभर आदळतो. शामरावनगरसारख्या भागांत नदी दारातून येण्यापूर्वी सांडपाणी मोरीतून आणि शौचालयाच्या भांड्यातून उलटे वर येते, म्हणून वाळूने भरलेल्या चार पिशव्या त्यांवर दाबून ठेवण्यासाठी तयार असाव्यात.

ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांची यादी याहून आधी सुरू होते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचलेली असावी, उंचावर कोणाच्या वस्तीवर जनावरे न्यायची हे बोलून ठेवलेले असावे आणि कडबा तेथे आधीच पोहोचवलेला असावा. जनावरे नेता येणारच नसतील तर निदान दावी सोडून द्यावीत. बांधलेल्या म्हशीला पोहता येत असून काही उपयोग नाही. हळद आणि धान्याच्या बाबतीत हरिपूरच्या पेवांची आठवण पुरे आहे: पिढ्यान् पिढ्या हळद सुरक्षित ठेवणाऱ्या त्या पेवांत २००५ च्या महापुरात पाणी शिरले. जमिनीखालची साठवण जुलैपूर्वी वर काढावी.

बचावाची नाव येईपर्यंत घरात थांबणे हा बेत नव्हे, बेत फसल्यावरचा मार्ग आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढताना क्षमतेपेक्षा जास्त भरलेली नाव उलटली आणि त्यांत स्त्रिया व लहान मुलांचेही प्राण गेले. नावेत बसावेच लागले तर अंगात जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय बसू नये, आणि नाव भरली असे नावाडी म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आपत्कालीन मदतीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक कागदावर लिहिलेले हवेत, कारण फोन बंद पडला की त्यातले क्रमांकही जातात.

पाणी उतरल्यावर आधी एकट्या प्रौढ माणसाने, दिवसाउजेडी, बूट घालून आणि हातात काठी घेऊन आत जावे. नाग, घोणस आणि मण्यार कोरडा आडोसा शोधत कपाटांत व गाद्यांच्या घड्यांत येऊन बसतात. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात तर कृष्णेतल्या मगरीही पाण्याबरोबर शेतात आणि ओढ्यात येतात, म्हणून गुडघाभर डबक्यालाही निरुपद्रवी समजू नये. चिखल काढण्यापूर्वी फोटो काढावेत. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नये आणि लेप्टोच्या, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे; त्या मनाने घेऊ नयेत.

साताऱ्याकडच्या घाटांतल्या माणसाला मात्र फुटांचा आकडा मिळत नाही, डोंगर आधी सूचना देईलच असे नाही. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघरसारख्या वस्त्यांवर दरड कोसळली. उतारावर राहणाऱ्यांनी जमिनीला नव्याने पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, कलू लागलेली झाडे आणि एकाएकी न लागणारी दारे यांपैकी काहीही दिसले तर रात्र होण्याची वाट न पाहता शाळेत किंवा नातेवाइकाकडे जावे. प्रवाशांनी लाल इशारा असताना आंबेनळी, कुंभार्ली, केळघर या घाटांत शिरूच नये. ठोसेघरचा धबधबा पुढच्या आठवड्यातही तेथेच असतो. वाटेत धुके आलेच तर दिव्यांचा झोत खाली ठेवावा, कड्याच्या पायथ्याशी गाडी थांबवू नये, आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नये. फूटभर वाहते पाणी लहान मोटारीला रस्त्यावरून सरकवू शकते, आणि खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे तर वरून दिसतच नाही.

हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी पांढरी चादर दिसली की महाबळेश्वरात बर्फ पडल्याचे निरोप फिरतात. ते गोठलेले दव असते, आणि त्या अनुभवावर नाताळच्या सुट्टीत मनालीला निघणे धोक्याचे आहे. सुती कपडे ओले झाले की थंडी वाढवतात, म्हणून अंगालगत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट असे थर हवेत, आणि मोज्यांचे दोन जास्तीचे जोड हवेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे लाहौलला हिवाळ्यात जाणे सोपे झाले आहे, पण बोगद्यात बर्फ नसते म्हणून बाहेरचा रस्ता मोकळा असेल असे नाही. सावलीतल्या वळणावर आणि पुलावर काचेसारखा पातळ बर्फ साचतो, तो डोळ्यांना ओला रस्ताच वाटतो. तेथे आपली गाडी चालवण्यापेक्षा चाकांना साखळ्या लावणारा स्थानिक चालक घ्यावा. गाडी बर्फात अडकली तर धुराड्याभोवतीचे बर्फ आधी हाताने दूर करावे, मगच इंजिन थोडा वेळ चालवावे आणि एक काच किंचित उघडी ठेवावी. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत माणसे दगावली, तेव्हा थंडीइतकाच संशय कार्बन मोनॉक्साइडवर होता. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याचा धोकाही तोच.

पूर डोक्यावरच्या आभाळात दिसत नाही, हा सांगलीचाच नियम पहाडातल्या नदीला तर अधिक कडकपणे लागू होतो. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे विद्यार्थी लार्जी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. त्यांच्यासमोर पुराची कोणतीही खूण नव्हती. जुलै २०२३ मध्ये त्याच बियासने मनालीचा महामार्ग ठिकठिकाणी तोडला. म्हणून खोली घेताना नदीचे दृश्य न मागता रस्त्याच्या वरच्या अंगाची खोली मागावी, धरणाच्या भोंग्याचा अर्थ विचारून घ्यावा, आणि दुपारी किती वाजता, कोणत्या ठिकाणाहून मागे फिरायचे हे सकाळी निघतानाच ठरवावे. ती वेळ आणि तो मार्ग घरी राहिलेल्या एका माणसाला कळवून ठेवावा, आणि ठरल्या वेळेनंतर दोन तासांत आपला फोन आला नाही तर त्याने नेमका कोणाला फोन करायचा, तो क्रमांकही त्याच्याकडे देऊन निघावे.