उसाच्या चिपाडांनी तेल टिपायचं, पाणी नाही

माझे दीर वर्सोव्याचे, मासेमारी करणारे. इंजिनखाली साचलेलं तेलकट पाणी बादलीनं खाडीत ओतायचे. मी परळच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असते, मग त्या पाण्यातलं तेल टिपून काढायचं काम माझ्याकडेच आलं.

चिपाडं रसवाल्याकडून घ्या, पण त्याच दिवसाची. गरम पाण्यातून धूत राहा, हाताला चिकट लागेनाशी होईपर्यंत. साखर राहिली की मुंग्या आणि बुरशी ठरलेली. बोटाएवढे तुकडे करून कडक वाळवा. पावसाळ्यात या भानगडीत पडूच नका, आपल्याकडच्या हवेत रुमाल वाळत नाही.

आता कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर गार पाणी घ्या, त्यात ५० ग्रॅम कॉस्टिक थोडं थोडं सोडा. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका. ॲल्युमिनियमचं भांडं नको, कॉस्टिक ते खातं. हातमोजे आणि चष्मा हवाच, पोरं लांब. ५० ग्रॅम चिपाडं तासभर बुडवा, मग धुतलेल्या पाण्यात लाल लिटमस कागद निळा होईना इतकी धुवा आणि परत वाळवा.

इथंच थांबलात तर मात्र सगळं फुकट. कॉस्टिकनं धागा मोकळा आणि खरखरीत होतो, पण पाणी आधीपेक्षा जास्त पितो. संशोधक यावर ॲसिटिक ॲनहायड्राइड हे रसायन वापरतात. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे, आपण त्या वाटेला जायचं नाही. मेणबत्तीवाले वापरतात ते स्टिअरिक ॲसिड चालतं. १० ग्रॅम घेऊन एक लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा. भांडं गरम पाण्यात ठेवून, गॅस बंद, खिडक्या उघड्या. अल्कोहोलची वाफ लगेच पेटते. चिपाडं अर्धा तास भिजवा आणि मोकळ्या हवेत सुकवा.

झालं का, ते बघायला चिमूटभर पाण्यावर टाका, ढवळा. बुडाली तर परत स्टिअरिक. तरंगली तर जुन्या मच्छरदाणीच्या पिशवीत भरून इंजिनखाली टाका. त्या पाण्यात साबण मात्र पडू देऊ नका, साबणानं हीच चिपाडं पाणी प्यायला लागतात. दिरांना हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

भरलेली पिशवी जाळायची नाही, ओल्या कचऱ्यातही नाही. झाकणाच्या डब्यात साठवा आणि जळकं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडेच द्या.