दुपारची सोलर वीज आगरातच जिरवा

वाडीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या घरावर 3 किलोवॉटचं सोलर बसवलं की मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात नेमका बारा-एकला इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा) बंद पडतो. स्क्रीनवर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’. दोष पॅनेलचा नसतो. घरात वापर नसला की सगळी वीज लाईनवर जाते. लांबच्या बारीक तारेतून ती जाताना घराकडचं व्होल्टेज चढतं आणि 230 च्या 110 टक्क्यांवर, म्हणजे 253 च्या आसपास, इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. नेट मीटर (लाईनवर दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा) युनिटांचा हिशेब जुळवतो, व्होल्टेजचा नाही.

आधी वायरमनकडून मोजून घ्या. भर दुपारी सोलर चालू असताना इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर आणि मीटरपाशी व्होल्टेज बघा. दोन्हींतला फरक तुमच्याच केबलचा. 3 किलोवॉटला 13 अँपिअर. छपरापासून मीटरपर्यंत 40 मीटर, 4 चौरस मिमीची तांब्याची केबल असेल तर जवळपास 5 व्होल्ट तिथेच चढतात. 10 चौरस मिमी टाकली की 2. मग सोलर बंद करून मीटरपाशी पुन्हा मोजा. तेव्हाही 245 च्या वर असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (पुढे जाणारं व्होल्टेज ठरवणारी जोडणी) बदलण्यासाठी महावितरणकडे लेखी अर्ज द्या. खाऱ्या हवेने खांबावरचे सांधे खराब होतात, तेही तपासायला सांगा. इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून देतो म्हणणाऱ्याला मात्र नको म्हणा; फ्रिज आणि पंखे त्याच व्होल्टेजवर चालायचे असतात.

आता वीज जिरवायची. कोकणात त्यासाठी विहिरीवरचा पंप हाताशी आहे. आगराचं (नारळी-पोफळीच्या बागेचं) शिंपण पावसाळा सरल्यावर मेपर्यंत, आणि ऊनही तेव्हाच. (पंप शेतीच्या वेगळ्या मीटरवर असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.) पहाटेची सवय मोडून दीड एचपीचा पंप 11 ते 1 लावा, तो साधारण दीड किलोवॉट खातो. भर उन्हात पाटाने सोडलेलं पाणी वाया जातं, म्हणून टाकी भरा आणि संध्याकाळी पोफळींना ठिबकने द्या. टाकी लहान असली तर टाकीतला फ्लोट स्विच पंपाला लवकर बंद करतो आणि व्होल्टेज परत चढतं. अशा वेळी टाकी भरली की पंपाचं पाणी ठिबककडे वळवा.

पंप ठरल्या वेळी लावायला टायमर बसवलात तर त्यावरून मोटर थेट चालवू नका. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, टायमरचे पॉइंट चिकटतात आणि पंप बंदच होत नाही. टायमरने कॉन्टॅक्टर (मोटरचा जड करंट पेलणारा स्विच) उचलायचा, कॉन्टॅक्टरने मोटर, सोबत ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा). ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी नसलं की पंप बंद करणारा) हवाच: मेमध्ये विहीर तळाला जाते, आणि टायमरला ते कळत नाही.

एक वाजल्यावर वॉशिंग मशीन, मग गिझर. 3 किलोवॉटचं सोलर तापलेल्या छपरावर दुपारी सव्वादोन-अडीच किलोवॉटच देतं. पंप आणि 2 किलोवॉटचा गिझर एकदम लावले तर उरलेली वीज लाईनवरून येते, आणि गिझर बंद होताच व्होल्टेज उसळतं.