चारचौघांत प्रार्थना करताना या चुका टाळा

'हे प्रभू, आज प्रभू आम्ही तुझ्यासमोर येतो प्रभू, आणि प्रभू तुझे आभार मानतो प्रभू...' अशी प्रार्थना आपण सगळ्यांनी ऐकली आहे, आणि बहुतेकांनी केलीही आहे. करणाऱ्याचं मन खरं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण हेच आईशी बोलताना करून पाहा. दर तीन शब्दांनी 'आई, आई' म्हटलं, तर ती हातातलं काम टाकून विचारील, 'अरे, झालं काय? मी इथेच आहे ना!'

माझी ही सवय मला फोनमुळे कळली. आजारपणामुळे सभेला येऊ न शकणाऱ्या, मंडळीतल्या एका बहिणीसाठी मी प्रार्थना रेकॉर्ड केली आणि पाठवण्याआधी एकदा ऐकली. 'प्रभू' हा शब्द जिथे तिथे होता, पण त्यातल्या फार थोड्या ठिकाणी मी खरोखर प्रभूला हाक मारत होतो. बाकी सगळीकडे मी पुढचं वाक्य शोधत होतो. तेव्हापासून या विषयाकडे मी बारकाईने पाहू लागलो.

देवाचं नाव स्वल्पविरामासारखं वापरणं

एरवी बोलताना विचार पुढे सरकेना, की आपण 'म्हणजे', 'आपलं ते' असं काहीतरी म्हणतो. प्रार्थनेत ती जागा देवाचं नाव घेतं. कारण साधं आहे: चारचौघांत शांततेची भीती वाटते. आपण थांबलो तर याला प्रार्थना जमत नाही असं लोकांना वाटेल, म्हणून तोंड चालू ठेवायचं. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही बायबलमधली आज्ञा (निर्गम २०:७) आपण शिव्याशापांपुरती ठेवतो. नकळत जडलेली सवय आणि शिवी यांना मी एका तराजूत घालणार नाही. तरीही ज्या नावापुढे गुडघे टेकायचे, ते नाव वाक्यातली फट बुजवायला वापरलं जात असेल, तर मनाला टोचलं पाहिजे.

योहान १७ मध्ये येशूची दीर्घ प्रार्थना आहे. २६ वचनांत तो 'पित्या' अशी हाक फक्त ६ वेळा मारतो, आणि प्रत्येक हाकेला तिची जागा आहे. शिष्यांना राखण्याची विनंती करताना तो 'पवित्र पित्या' म्हणतो. जगाने तुला ओळखलं नाही, हे सांगताना 'न्यायसंपन्न पित्या' म्हणतो. हाक आणि विनंती एकमेकींना धरून आहेत.

यावर उपाय एकच: त्या जागी शांतता ठेवा, दुसरा शब्द नको. हे सांगावं लागतं, कारण 'प्रभू' सोडलेला माणूस हमखास 'विशेष करून' किंवा 'खरोखर' उचलतो. घरी एकटे असताना मोठ्याने प्रार्थना करा. एक वाक्य पूर्ण बोला, श्वास घ्या, मग पुढचं. सुरुवातीला एकदा हाक मारा. पुन्हा मारायची ती विषय बदलताना, किंवा मनातून हाक आपोआप उमटली तर. मधला थांबा बोलणाऱ्याला फार लांब वाटतो. ऐकणाऱ्यांना मात्र तेवढ्या वेळात तुमचं वाक्य स्वतःचं करून घेता येतं.

पण याचा अर्थ पुनरावृत्ती हीच चूक, असा कुणी घेऊ नये. स्तोत्र १३६ मध्ये देवाची दया सनातन आहे हे २६ वेळा येतं. गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले (मत्तय २६:४४). मत्तय ६:७ मध्ये त्याने ज्या निरर्थक बडबडीला हरकत घेतली, तिच्या मुळाशी एक समजूत आहे: जास्त बोललं की देव ऐकतो. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत एकच हाक मारत राहिले, पण उत्तर आलं नाही. देवाचा संदेष्टा एलीया याची प्रार्थना दोन वचनांत संपली (१ राजे १८:३६-३७), आणि तिला उत्तर मिळालं.

आपण कुणाशी बोलतो आहोत?

'हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी वधस्तंभावर मेलास म्हणून तुझे आभार.' घाईत हे वाक्य कितीतरी वेळा कानावर येतं. वधस्तंभावर पिता मेला नाही, पुत्र मेला. हा शब्दांचा कीस नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने प्राक्सियस नावाच्या माणसाविरुद्ध लिहिताना नेमका हाच आक्षेप घेतला होता, की तू पित्यालाच वधस्तंभावर चढवलंस. प्राक्सियस ते शिकवण म्हणून मांडत होता. आपण लक्ष नसल्यामुळे तेच बोलून जातो. सभेतली मुलं देवाविषयी बरंच काही मोठ्यांच्या प्रार्थनांतून शिकतात, हेही विसरू नये.

तोंड उघडण्याआधी क्षणभर ठरवा, की मी पित्याशी बोलणार आहे की प्रभू येशूशी. नेहमीची वाट इफिस २:१८ मध्ये आहे: ख्रिस्ताद्वारे, आत्म्याच्या योगे, पित्याकडे. येशूला थेट हाक मारण्यात गैर काही नाही; पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने मरताना तेच केलं. गोंधळ होतो तो एका वाक्यात पित्याशी सुरुवात करून मध्येच, न कळत, पुत्राकडे वळल्यावर. मराठीत आणखी एक घसरण आहे. आपण 'तू' ने सुरुवात करतो, मध्ये 'आपण' होतं, शेवटी 'तुम्ही'. तिन्हीपैकी कोणतंही एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

देवाच्या आडून माणसांना सुनावणं

'प्रभू, तू जाणतोस की आमच्यातले काही जण उपासनेला वेळेवर येत नाहीत.' हे वाक्य देवासाठी नाही, तिसऱ्या ओळीत बसलेल्या माणसासाठी आहे. आणि त्या बिचाऱ्याला उत्तरही देता येत नाही, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. 'तू जाणतोस' असं तोंडात आलं, की तिथेच स्वतःला विचारायचं: तो जाणतो, तर मग मी हे कुणाला सांगतो आहे? आपल्या गरजा मागण्याआधीच पित्याला ठाऊक असतात (मत्तय ६:८). ज्याच्याशी बोलायचं आहे त्याच्याकडे नंतर जाऊन बोला.

याच्याही पुढची एक चूक माझ्या हातून घडली आहे, आणि ती मला अजून सलते. एका कुटुंबातली अडचण मला विश्वासाने सांगितली गेली होती. मी ती प्रार्थनासभेत, अगदी कळवळून, तपशिलांसह देवापुढे मांडली. आमेन म्हणून डोळे उघडले, तेव्हा त्या घरातली बहीण खाली मान घालून बसली होती. मी क्षमा मागितली, तिने केलीही. पण पुढे बरेच महिने ती कुणालाच काही सांगेना. प्रार्थनेच्या रूपात चहाडी झाली तर ती चहाडीच. म्हणून आता मी आधी विचारतो: 'तुमच्यासाठी सभेत प्रार्थना करू का? किती सांगितलेलं चालेल?' नाव, आजार, कारण यातलं काहीच न उच्चारता 'आमच्यातल्या एका कुटुंबासाठी' एवढं म्हटलं तरी देवाला पत्ता सापडतो.

ऐकणाऱ्यांचं आमेन

सभेत प्रार्थना चालवणारा सगळ्यांच्या वतीने बोलतो. पौल करिंथकरांना विचारतो, की तू काय म्हणतोस हे ज्याला कळत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणेल (१ करिंथ १४:१६)? इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यातही पुढाऱ्याची प्रार्थना संपल्यावर सर्व लोक 'आमेन' म्हणून संमती देतात, 'तसंच होवो'. ती संमती देता येईल असं बोला: 'मी' ऐवजी 'आम्ही', वाक्यं आटोपशीर, आवाज नेहमीचा. प्रार्थनेसाठी वेगळा थरथरता किंवा गर्जणारा आवाज काढायची गरज नाही.

आणि 'येशूच्या नावाने' हे शब्द पत्राखालच्या सहीसारखे घाईत उरकू नका. स्किवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांनी ते नाव मंत्रासारखं वापरून पाहिलं आणि उघडेनागडे, जखमी होऊन पळाले (प्रेषितांची कृत्ये १९). तिथे सावकाश व्हा. आत्ता जे मागितलं, ते त्याच्या नावाखाली शोभतं का, हे तपासायला तेवढा क्षण पुरतो.

सुरुवात कशी करावी हेच सुचत नसेल, तर 'कलेक्ट' या जुन्या छोट्या प्रार्थनेची घडण उपयोगी पडते. आधी देवाला हाक, मग त्याच्या एखाद्या गुणाची किंवा कृत्याची आठवण, मग एकच विनंती, ती कशासाठी हवी ते, आणि ख्रिस्ताद्वारे शेवट. प्रेषितांची कृत्ये ४:२४-३० मधली मंडळीची प्रार्थनाही पाहण्यासारखी आहे. छळाची धमकी डोक्यावर असताना त्यांनी आधी पाच वचनं देव कोण आहे हे आठवण्यात घालवली; मागणं शेवटच्या दोनच वचनांत आहे. कागदावर चार शब्द टिपून आणलेत म्हणून प्रार्थना खोटी होत नाही.

हे सगळं वाचून कुणी प्रार्थना करायलाच घाबरू लागला, तर माझं लिहिणं फुकट गेलं. कसं मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः मध्यस्थी करतो (रोम ८:२६). रडत, अडखळत, 'प्रभू, प्रभू' एवढंच म्हणणाऱ्याच्या जवळ जाऊन बसा. त्याचे शब्द मोजू नका. नवख्याला तर सभेनंतर लगेच कधीच दुरुस्त करू नका. त्याने आपण होऊन विचारलं, तर एकांतात सांगा, आणि एका वेळी एकच गोष्ट.

स्वतःसाठी मात्र या आठवड्यात एवढं करून पाहा. बोलता बोलता वाक्य हरवलं, तर ते भरायला काही शोधू नका. गप्प राहा. पुढचं आलं तर बोला, नाही आलं तर तिथेच आमेन म्हणा.