कॉर्टिसॉल अडवणारा रेणू पारखताना : एचएसडी-१ ची चाचणी

कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक फक्त अॅड्रिनल ग्रंथीच पुरवते असं नाही. यकृतात आणि चरबीत ११-बीटा-एचएसडी-१ हे एन्झाइम निष्क्रिय कॉर्टिसोनपासून ते पुन्हा तयार करतं. मूत्रपिंडातलं एचएसडी-२ नेमकं उलटं काम करतं. पहिल्याला रोखायचं, दुसऱ्याला धक्का लावायचा नाही. दुसरं अडलं की काय होतं ते ज्येष्ठमध जास्त खाणाऱ्यांत दिसतं: रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं.

चाचणी १०० मायक्रोलिटरची ठेवा. ७.४ पीएचचा ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर, मानवी यकृताचे मायक्रोसोम (पेशीतल्या पटलांच्या सूक्ष्म पिशव्या, यातच हे एन्झाइम असतं; मिलिलिटरला ०.१ मिग्रॅ प्रथिनापासून सुरुवात), २०० नॅनोमोलर कॉर्टिसोन, ५०० मायक्रोमोलर एनएडीपीएच (एन्झाइमला हायड्रोजन पुरवणारा सहायक रेणू). इनहिबिटर (अडवणारा रेणू) ज्यात विरघळवतो ते डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर नको. इनहिबिटर १० मायक्रोमोलरपासून तीन-तीन पट पातळ करत दहा पायऱ्या घ्या, म्हणजे तळ ०.५ नॅनोमोलरला लागतो. एन्झाइमसोबत १५ मिनिटं ठेवून मग कॉर्टिसोन घाला, तापमान ३७ अंश. किती वेळ चालवायचं ते आधी इनहिबिटरशिवाय ठरवा: १० टक्क्यांहून जास्त कॉर्टिसोन संपलं तर आकडे फसवे येतात.

बहुतेकांची गाडी अडते ती एनएडीपीएचवर. या एन्झाइमची सक्रिय जागा मायक्रोसोमच्या आतल्या बाजूला असते आणि बाहेरून घातलेलं एनएडीपीएच अखंड पटलातून आत जात नाही. गोठवून-वितळवून पटल थोडं फाटलं की काम चालतं. पण पटल फोडायला घातलेलं डिटर्जंट जास्त झालं आणि एनएडीपी (वापरून झालेलं एनएडीपीएच) साचलं, की एन्झाइम उलट्या दिशेने फिरतं आणि कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करू लागतं. मग बिचाऱ्या इनहिबिटरला दोष देण्यात अर्थ नाही. ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि त्याचं डिहायड्रोजिनेज घालून एनएडीपीएच सतत भरत ठेवा. एनएडीपीएच रोज ताजं करा आणि बर्फावर ठेवा. आम्लात ते टिकत नाही.

थंड अॅसिटोनायट्रिल २०० मायक्रोलिटर घालून क्रिया थांबवा, त्यातच मोजणीच्या तुलनेसाठी ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनचं) कॉर्टिसॉल मिसळलेलं असू द्या. एलसी-एमएसवर (कॉलमवर रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) मूळ आयनापासून तुकड्यापर्यंतची वस्तुमानं अशी: कॉर्टिसॉल ३६३ ते १२१, कॉर्टिसोन ३६१ ते १६३. कॉर्टिसोनच्या जड समस्थानिकांचा रेणूही ३६३ वर येतो, त्यामुळे दोन्ही शिखरं कॉलमवर वेगळी झालीच पाहिजेत. नाहीतर शून्य मिनिटालाच ‘कॉर्टिसॉल’ दिसेल!

एचएसडी-२ ची चाचणी वेगळी: त्यात कॉर्टिसॉल आणि एनएडी (या एन्झाइमचा सहायक रेणू) घालायचं. कार्बेनोक्सोलोन हा ओळखीचा इनहिबिटर दोन्ही एन्झाइमांना अडवतो, म्हणून नियंत्रण म्हणून तो दोन्हीकडे चालतो.

उंदरावर जाण्याआधी उंदराचंच एन्झाइम त्याच्याच ११-डीहायड्रोकॉर्टिकोस्टेरॉनवर (उंदरात कॉर्टिसोनच्या जागी असणारा रेणू) तपासा. बीव्हीटी-२७३३ हा इनहिबिटर उंदराच्या एन्झाइमवर जोरदार, माणसाच्या एन्झाइमवर फिका.

पुढे माणसात रक्तातलं कॉर्टिसॉल मोजून निष्कर्ष काढू नका. ते घसरू लागलं की पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच (अॅड्रिनलला चालना देणारं संप्रेरक) वाढवून भरपाई करते, आणि सोबत अॅड्रिनलची अँड्रोजेन्सही (पुरुषी संप्रेरकं) चढतात. लघवीतल्या कॉर्टिसॉलच्या आणि कॉर्टिसोनच्या चयापचयजांचं गुणोत्तर पाहा.