कापसाला अँटीबॅक्टेरियल कसं करायचं (आणि टेस्टमध्ये कसं फसायचं नाही)

भाऊ, आपल्या जळगाव-धुळ्याकडं कापूस काय कमी आहे का, म्हणून प्रोजेक्ट करणाऱ्यांनी सरळ सुती कापडावर चायटोसान (जंतू मारणारा एक नैसर्गिक पदार्थ) चढवावं, नवा धागा ओढायच्या नादाला पहिल्याच वर्षी लागू नये. चायटोसान कोळंबी-खेकड्याच्या टरफलांतून निघतं, घरी माळकरी असतील तर आधीच सांगून टाका, बुरशीपासूनचंही मिळतं.

आधी कापड कॉस्टिक सोड्याच्या २ टक्के पाण्यात तासभर उकळायचं (हातमोजे, चष्मा घालून), कारण कच्च्या कापसावर मेण असतं. पाण्याचा थेंब टाकला की लगेच जिरला पाहिजे, वर मोत्यासारखा बसला तर परत उकळा. कॉस्टिक नीट धुवून काढा, नाहीतर चायटोसान तिथंच साकळेल.

मग १०० मिली पाण्यात १ मिली ॲसेटिक ॲसिड, त्यात १ ग्रॅम चायटोसान, रात्रभर ढवळत ठेवा आणि गाळून घ्या. त्यात ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (ते चायटोसानला कापसाशी बांधतं) अन् त्याच्या निम्मं सोडियम हायपोफॉस्फाइट (ते या बांधणीला मदत करतं). कापड बुडवून पिळा, १० ग्रॅमचं साधारण १८ भरलं की बस. वाळवायला आपलं मे महिन्याचं ऊन चालतं पण पक्कं बसवायला नाही, त्याला ओव्हनच लागतो, १६० डिग्री, ३ मिनिटं. जास्त ठेवलं की कापड पिवळं पडतं. माझं पहिलं तर पार शेवेच्या रंगाचं झालं होतं.

पॉलिएस्टरचा धागा ओढताना त्यात चायटोसान मिसळणं जमत नाही. ते वितळतं २६० च्या आसपास, चायटोसान वितळतच नाही, जळतं, म्हणून तिथं चांदी नाहीतर झिंक ऑक्साइड वितळलेल्या पॉलिमरमध्येच मिसळून धागा ओढतात. कृत्रिम पॉलिमर अन् चायटोसान दोन्हीचा मेळ बघायचाच असेल तर पीव्हीए (पाण्यात विरघळणारा कृत्रिम पॉलिमर) गरम पाण्यात विरघळवून चायटोसानमध्ये मिसळा आणि इलेक्ट्रोस्पिनिंग (विजेच्या जोरानं अगदी बारीक धागे ओढणं) करा, पण तिथं १५-२० हजार व्होल्ट असतात, एकट्यानं हात घालू नका.

आता टेस्ट. जंतू वाढवलेल्या प्लेटवर कापडाभोवती मोकळं कडं दिसलं नाही की पोरं रडायला लागतात, अरे पण चायटोसान धाग्याला चिकटून बसलंय, ते बाहेर झिरपणारच नाही तर कडं येईल कुठून! त्याचा धनभार जंतूच्या ऋणभारी आवरणाला धरून ते फोडतो, म्हणजे जंतू कापडाला टेकला तरच मरतो. म्हणून २४ तासांनी जिवंत जंतू मोजायची टेस्ट करा. त्याआधी कापड खळखळून धुवा, उरलेलं आम्लही जंतू मारतं आणि आकडा उगाच भारी दिसतो. सोबत एक कोरं कापड आणि एक नुसतं सायट्रिक लावलेलं ठेवा, ते सायट्रिकवालंही तेवढेच जंतू मारत असेल तर चायटोसानचं श्रेय घेऊ नका.