मांस आतपर्यंत शिजलंय, हे ओळखायचं कसं?

कोंबडीची तंगडी बाहेरून छान तपकिरी झाली आहे, पण हाडाजवळ सुरी घातली की गुलाबी रस दिसतो. शेजारी खिम्याची पॅटी आहे. ती मोडून पाहिली तर आत कुठेही लाली नाही. बहुतेक जण तंगडी पुन्हा आचेवर चढवतील आणि पॅटी ताटात घेतील. प्रत्यक्षात तंगडी पुरती शिजलेली आणि पॅटी धोक्याची, असंही असू शकतं.

मांसाला लाल रंग येतो तो मायोग्लोबिन या प्रथिनामुळे. ते किती अंशांना तपकिरी होईल, हे मांस हवेत किती वेळ उघडं होतं, किती ताजं आहे, त्यात मसाला कोणता मुरवला, धुरी दिली का, अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. हवा लागलेल्या खिम्याचा रंग ६० अंश सेल्सिअसच्या आतच उडू शकतो, आणि तेवढ्या उष्णतेने जंतू लगेच मरत नाहीत. उलट कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात. शिजताना मज्जेतला रंग बाहेर झिरपतो आणि हाडालगतचं मांस पूर्ण शिजूनही लालसर किंवा काळपट दिसतं. ‘रस नितळ आला की झालं’ या ठोकताळ्यावरही फार विसंबू नये. मधल्या भागाचं तापमान मोजणं हीच खात्रीची परीक्षा आहे.

जंतू असतात कुठे?

हे एकदा नीट समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

निरोगी गुराच्या किंवा मेंढीच्या स्नायूचा आतला भाग बहुतांशी निर्जंतुक असतो. कापताना कातडीवरची आणि आतड्यातली घाण मांसाला लागते, ती पृष्ठभागावर. म्हणून अख्खा, सलग तुकडा सगळ्या बाजूंनी, कडांसकट, चांगला भाजला तर आत गुलाबी राहिला तरी निरोगी प्रौढ माणसाला धोका कमी असतो. शून्य नसतो, हेही लक्षात असू द्या.

खिमा केला की पृष्ठभाग उरतच नाही. जे वरवर होतं ते यंत्रातून सगळीकडे मिसळतं. शिवाय एकाच खिम्यात अनेक जनावरांचं मांस असू शकतं. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ हा जंतू पसरला, ७०० हून जास्त लोक आजारी पडले आणि ४ मुलं दगावली. मांस मऊ करण्यासाठी सुयांनी किंवा पात्यांनी टोचलेले तुकडे, सुईने आत मसाल्याचं पाणी भरलेलं मांस, गुंडाळी करून बांधलेलं मांस, या सगळ्यांत बाहेरचे जंतू आत गेलेले असतात. ते दिसायला अख्खे असले तरी खिम्यासारखेच आतपर्यंत शिजवायचे.

कोंबडीची गोष्ट वेगळी. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जुलाब-तापाचे जंतू तिच्या आतड्यात सर्रास असतात, पिसं काढताना आणि थंड करताना ते कातडीवर सगळीकडे पसरतात, पिसांच्या छिद्रांत दडून बसतात आणि स्नायूतही शिरू शकतात. कॅम्पायलोबॅक्टरने आजारी पडायला काहीशे जंतू पुरतात. कच्च्या कोंबडीच्या रसाच्या एका थेंबात तेवढे सहज मावतात. कोंबडी, बदक, टर्की यांच्यात ‘थोडं कच्चं चालेल’ असा प्रकार नाही.

कलेजीबद्दल विशेष सांगायला हवं, कारण ती मुद्दाम आतून मऊ, गुलाबी ठेवण्याकडे कल असतो. कोंबडीच्या कलेजीत कॅम्पायलोबॅक्टर आतल्या भागातही सापडतो, त्यामुळे वरून परतून भागत नाही. डुकराच्या कलेजीतून हेपटायटिस ई हा काविळीचा विषाणू लागू शकतो.

डुकराच्या मांसात जंतूंबरोबर परजीवींचा प्रश्न येतो. ट्रिकिनेलाच्या अळ्या थेट स्नायूत असतात. अस्वल, रानडुक्कर अशा रानटी प्राण्यांच्या मांसातही त्या आढळतात. पट्टकृमीच्या पुटकुळ्याही मांसातच असतात. कच्चं डुक्कर खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी होण्याचा आजार मात्र कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून येतात. म्हणून घरातल्या एकाने अर्धकच्चं खाल्लं आणि हात नीट धुतले नाहीत, तर त्याची शिक्षा मांस न खाणाऱ्यालाही होऊ शकते.

किती अंश?

अमेरिकेच्या कृषी खात्याने घरगुती स्वयंपाकासाठी दिलेले आकडे असे. सगळे सेल्सिअसमध्ये, आणि सगळे तुकड्याच्या मध्यभागचे:

- कोंबडी, बदक, टर्की. अख्खी, तुकडे, खिमा, कलेजी, सगळं: ७४ अंश
- गाय, डुक्कर, मेंढी, शेळी यांचा खिमा आणि कलेजीसारखे अवयव: ७१ अंश
- याच प्राण्यांचे अख्खे तुकडे: ६३ अंश, आणि आचेवरून उतरवल्यावर कापण्याआधी ३ मिनिटं तसेच ठेवायचे
- उरलेलं अन्न पुन्हा गरम करताना: ७४ अंश

ती ३ मिनिटं वेळ घालवायला नाहीत. जंतू मरतात ते तापमान आणि वेळ या दोन्हींमुळे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने हेच जोडीने मांडलंय: ६० अंशांना ४५ मिनिटं, ६५ ला १०, ७० ला २ मिनिटं, ७५ ला ३० सेकंद, ८० ला ६ सेकंद. कमी आचेवर, पिशवीत बंद करून पाण्यात शिजवणाऱ्यांनी ही यादी डोळ्यांसमोर ठेवावी. मात्र वेळ मोजायची ती मध्यभाग त्या तापमानाला पोचल्यापासून. जाड तुकड्याच्या मध्याला तिथवर जायलाच तास-दीड तास लागू शकतो. पिशवी पाण्यात सोडली तेव्हापासून घड्याळ लावलं तर सगळा हिशेब चुकतो.

थर्मामीटर टोचायचा कुठे?

टोकदार डिजिटल थर्मामीटर घ्या. त्याचा संवेदक अगदी टोकाला असतो. तबकडीच्या थर्मामीटरचा संवेदक दांडीवर पाचेक सेंटिमीटरपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे पातळ तुकड्यात तो अर्धा बाहेरच राहतो आणि आकडा चुकतो.

आणल्यावर आणि नंतरही अधूनमधून तपासून घ्या. पेलाभर बारीक बर्फ, तो जेमतेम बुडेल एवढं पाणी, ढवळायचं, आणि टोक पेल्याला न टेकवता मध्ये धरायचं. अर्ध्या मिनिटात शून्य दिसायला हवं. दोन अंश जास्त दाखवत असेल तर तेवढे पुढे वजा करायचे. उकळत्या पाण्याची परीक्षा मला कमी भरवशाची वाटते, कारण जागा जितकी उंच तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण ३०० मीटरला एक अंश.

आता प्रत्यक्ष टोचणं. सगळ्यात जाड भाग शोधा. टोक मध्याच्या पलीकडे जाईल इतकं आत घाला आणि हळूहळू मागे ओढत आकडा पाहत राहा. ७९… ७५… ७१… ७०… ७३… असा तो उतरून पुन्हा चढतो. मधला सगळ्यात कमी आकडा हा खरा मध्य. कोंबडीच्या बाबतीत या उदाहरणात ७० आलं, म्हणजे तुकडा पुन्हा आचेवर. टोक हाडाला टेकलं तर आकडा फसवा येतो, थोडं बाजूला घ्या. अख्ख्या कोंबडीत मांडीचा आतला भाग, जिथे ती धडाला मिळते, आणि छातीचा जाड भाग, दोन्ही पाहायचे. आत सारण भरलं असेल तर सारणाचा मध्यही ७४ अंशांवर गेला पाहिजे. पॅटी वरून टोचू नये, बाजूने आडवं टोक मध्यापर्यंत सरकवावं. आणि आकडा कमी आला तर पुन्हा टोचण्याआधी टोक साबणाने धुवा, नाहीतर कच्च्यातले जंतू शिजलेल्यात जातील.

थर्मामीटर नसेल तर अख्खा तुकडा भाजण्याचा किंवा जाड पॅटीचा बेत टाळा आणि पाण्यात शिजणारा पदार्थ करा. तुकडे लहान, सारख्या आकाराचे. रस्सा सगळीकडून खदखदू लागल्यावर झाकण ठेवून हाडासकटच्या कोंबडीला निदान २५-३० मिनिटं. शेवटी सगळ्यात मोठा तुकडा काढून फोडा. मधून वाफ निघाली पाहिजे आणि मांस हाडापासून सहज सुटलं पाहिजे.

मांस आतून कच्चं राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट वितळलेला तुकडा मोठ्या आचेवर टाकणं. बाहेर करपतं, आत बर्फाची गोळी तशीच. फ्रीजमध्ये वितळवायला दोन-अडीच किलोला २४ तास धरा. घाई असेल तर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून गार पाण्यात ठेवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोला तासभर पुरतो, आणि मग लगेच शिजवायचं. ओट्यावर रात्रभर ठेवू नका: आतला बर्फ सुटेपर्यंत बाहेरचा थर तासन्‌तास जंतूंना मानवेल अशा उबेत राहतो. मायक्रोवेव्हमध्ये शिजवताना काही जागा गार राहतात. झाकून, मध्ये उलटून, आणि दोन-तीन ठिकाणी मोजून पाहावं. बाहेरून पावाचा चुरा लावलेले, सोनेरी रंगाचे गोठवलेले तुकडेही बऱ्याचदा आतून पूर्ण कच्चे असतात, तेव्हा पाकीट वाचा.

लिंबू, व्हिनेगर, दारू, बर्फ

यांपैकी काहीही मांस शिजवत नाही. आंबट रसाने प्रथिनं पांढरी पडतात, मांस शिजल्यासारखं दिसतं, पण आतले जंतू जिवंत राहतात. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. परजीवींवर मात्र थंडी चालते: १५ सेंटिमीटरहून कमी जाडीचं डुकराचं मांस उणे १५ अंशांना २० दिवस राहिलं तर त्यातला ट्रिकिनेला मरतो. रानटी प्राण्यांमधल्या ट्रिकिनेलाच्या काही जाती गोठूनही तगतात, त्यांना उष्णताच हवी.

वासावरही जाऊ नका. मांस नासवणारे जंतू वेगळे आणि आजार देणारे वेगळे. साल्मोनेलाने भरलेल्या कोंबडीला काडीचाही वास येत नाही.

ओट्यावर काय चुकतं

कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. धुण्याने जंतू जात नाहीत, तुषारांबरोबर ते सिंक, ओटा, शेजारच्या चिरलेल्या काकडीवर उडतात. मांस धुतल्याशिवाय अनेकांना चैन पडत नाही, हे आम्ही जाणतो. हाडाचा चुरा किंवा रक्त लागलेलं असेल तर कागदी रुमालाने टिपून घ्या आणि तो लगेच कचऱ्यात टाका. तरी धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, आणि नंतर लगेच सिंक घासून काढा.

कच्च्याला लागलेल्या हातांनी मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडलं जातं, नळ फिरवला जातो. तिथेच फसगत होते. मसाला आधीच वाटीत काढून ठेवा. कोशिंबिरीच्या भाज्या मांसाआधी चिरा, किंवा पाट आणि सुरी वेगळी ठेवा. पाट आधी साबणाने घासा, मग ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून ते काही मिनिटं लावून ठेवा, मग पुसा किंवा वाळू द्या. मळक्या पाटावर ब्लीच ओतून उपयोग नसतो. मुरवलेल्या मांसाचा उरलेला मसाला वरून घ्यायचा असेल तर खळखळून उकळा. कच्चं उचललेला चिमटा शिजलेल्याला लावू नका.

फ्रीज ४ अंशांच्या आत हवा. कच्चं मांस खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या भांड्यात. कोंबडी आणि खिमा १-२ दिवसांत संपवा, अख्खे तुकडे ३-५ दिवसांत.

शिजवून झाल्यावरही काम संपत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूची बीजं उकळूनही जगतात आणि मोठं पातेलं सावकाश निवताना फोफावतात. उरलेलं उथळ डब्यांत काढून २ तासांत फ्रीजमध्ये टाका. हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर तासाभरात. तसं बाहेर राहिलेलं अन्न नुसतं तापवून वाचत नाही, कारण स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या एका जंतूचं विष उकळल्यावरही शिल्लक राहतं.

कच्चंच खायचं असेल तर

कच्चं मांस निर्धोक करण्याची घरगुती रीत नाही. जपानमध्ये २०११ साली कच्चं गोमांस खाऊन ५ जण दगावले. त्यानंतर तिथे कच्च्या गोमांसासाठी नियम आला: पिशवीत हवाबंद केलेल्या अख्ख्या तुकड्याचा पृष्ठभाग १ सेंटिमीटर खोलीपर्यंत ६० अंशांवर २ मिनिटं तापवायचा, लगेच ४ अंशांपर्यंत गार करायचा, मग बाहेरचा थर कापून टाकायचा आणि आतलं वाढायचं. गाईची कच्ची कलेजी वाढायला २०१२ मध्ये बंदी आली, कच्च्या डुक्करावर २०१५ मध्ये. एवढ्या शिस्तीनेही कलेजी आणि डुक्कर कच्चं सुरक्षित करता येईना, यातून काय ते कळतं. गरोदर बाई, ५ वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांना कच्चं किंवा आतून गुलाबी मांस देऊच नका. गरोदरपणी टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि लिस्टेरिया हा जंतू पोटातल्या बाळापर्यंत पोचतात.

खाल्लं गेलं, आता?

एखादा घास कच्चा खाल्ला म्हणून लगेच औषध घेऊ नका, लक्ष ठेवा. साल्मोनेलाचा त्रास ६ तासांपासून ६ दिवसांत कधीही सुरू होतो, कॅम्पायलोबॅक्टरचा २ ते ५ दिवसांनी, ई. कोलाय ओ१५७ चा बहुधा ३-४ दिवसांनी. म्हणून आळ जातो तो कालच्या जेवणावर, आणि दोष असतो आधीच्या रविवारच्या पॅटीचा.

जुलाब होत असतील तर जलसंजीवनी पाजत राहा. शौचातून रक्त, ३९ अंशांवर ताप, ३ दिवसांपेक्षा जास्त जुलाब, पाणीही न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठा. रक्त पडत असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या किंवा घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नका: ई. कोलाय ओ१५७ असेल तर त्यांनी मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढू शकतो. लहान मुलाचे जुलाब कमी होऊ लागलेत, पण ते पांढरंफटक पडलंय, मलूल आहे, लघवी कमी झाली आहे, तर ती बरं होण्याची खूण समजू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मूत्रपिंडाची इजा जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवड्याने, अशीच उशिरा उघड होते. आणि डॉक्टरांना गेल्या आठवड्यात कोणतं मांस, कधी, कसं शिजवून खाल्लं ते न विचारता सांगा.